खुंट राहिले तरी चालतील

घाबरू नका, मी वस्तरा नाही. मी क्लिपर बोलतोय. ऑपरेशनच्या आधी, जिथे चीर द्यायची तिथले केस आड येत असतील तर ते कापणारं, मुठीत मावणारं आणि चालताना गुणगुणणारं यंत्र. हॉस्पिटलात मात्र मला क्लिपर कुणी म्हणत नाही. "मशीन आण गं", "मशीन चार्जिंगला लाव गं", एवढीच माझी ओळख. कारखान्याने हौसेने दिलेलं नाव खोक्याबरोबर टाकून दिलं गेलं.

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे-मागे सगळी भावंडंच. त्यातली काही सलूनमध्ये लागली, आरशासमोर, गाणी ऐकत. एक चुलतभाऊ मेंढ्यांची लोकर कापतो, त्याचं आयुष्य उघड्यावर गेलं. माझ्या पाठीवर मात्र 'शस्त्रक्रियेसाठी' असा शिक्का बसला आणि मी लगेच नाक वर केलं. मला नाक नाही, पण केलं.

माझी एक गंमत आहे. धड कायमचं, पण डोकं दर पेशंटला नवं. ते बंद पाकिटातून येतं, खटकन बसतं आणि काम झालं की कचऱ्यात जातं. त्यामुळे डोकेदुखी म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. माणसं एकच डोकं जन्मभर वापरतात, मग ते तापतं, फिरतं, भडकतं. तुम्ही विचाराल, डोकं टाकून दिल्यावर याला जुनं आठवतं कसं? अहो, मी सगळं पोटात ठेवतो.

माझं बिऱ्हाड ऑपरेशन थिएटरच्या अलीकडच्या तयारीच्या खोलीत. एक उंच पलंग, त्याला हिरवा पडदा, भिंतीला खाली ओढता येणारा दिवा, आणि दाराजवळच्या टेबलावर माझा चार्जिंगचा स्टँड. दार बहुतेक उघडंच असतं. बाहेर पेशंटच्या माणसांसाठी लांब बाक आहे आणि पलीकडे ड्रेसिंगची खोली. त्यामुळे थिएटरच्या आत पाऊल न टाकताही मला सगळ्या बातम्या कळतात.

या खोलीवर मोठ्या सिस्टरांचं राज्य. चष्मा कायम कपाळावर, आवाज कधी चढलेला नाही, पण त्या नुसत्या बघायला लागल्या की माणूस आपण होऊन चूक कबूल करतो. मला उचलायच्या आधी त्या पेशंटच्या कातडीवरून नजर फिरवतात. केस आड येत नसतील तर त्यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. म्हणजे माझं अर्धं काम न चालण्यात आहे. सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. पुढे पुढे पटलं.

माझ्याआधी इथे वस्तऱ्याचा कारभार होता. त्याचं काम दिसायला देखणं, हे मी मान्य करतो. हात फिरवावा तर लोणी. पण वस्तरा केसाबरोबर कातडीचाही पापुद्रा ओढतो. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक ओरखडे पडतात आणि रातोरात जंतू तिथे बिऱ्हाड थाटतात. दुसऱ्या दिवशी तिथेच चीर दिली की ते आयतेच आत शिरतात. म्हणून वस्तऱ्याला निरोप मिळाला आणि मला बोलावणं आलं. मी कातडीच्या किंचित वरून कापतो. खाली खुंट राहतात, कातडी मात्र शाबूत राहते.

इथे बसून मी माणसं पुष्कळ पाहिली. मी जवळ आलो की झाडून सगळी पोट आत ओढतात. ऑपरेशन पायाचं असलं तरी ओढतात. काही जण आपल्या केसांबद्दल सिस्टरांची माफी मागतात, पाहुणे आले आणि घर आवरायचं राहून गेलं अशा सुरात. एक पोलीस अधिकारी आले होते. त्यांच्या मिशा बघून बाकावरची माणसं उठून उभी राहिली. माझा पहिला स्पर्श झाला आणि साहेब गुदगुल्यांनी असे किंचाळले की ड्रेसिंगच्या खोलीतला माणूस धावत बघायला आला.

एका माउलीने मुलाला जंतुनाशक साबणाने अंघोळ करायला लावली, अगदी सांगितल्याप्रमाणे. मग 'पोराला चार माणसांत जायचंय' म्हणून अंगाला तेल चोपडून, वर पावडर लावून आणलं. पोरगं बँकेत साहेब होतं. सिस्टरांनी साहेबांना पुन्हा न्हाणीघरात धाडलं.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसले ते उस्ताद.

उस्ताद म्हणजे जवळच्याच चौकातल्या सलूनचे मालक. त्यांना काहीतरी नाव असणारच, पण बायको सोडून सगळे त्यांना उस्तादच म्हणत, आणि बायको 'अहो' म्हणे. त्यांच्या हाताची ख्याती मोठी. दाढी करताना गिऱ्हाईक झोपी जायचं आणि उठवलं की 'झाली?' असं विचारायचं. पण सलूनचा धंदा उभ्याने करायचा धंदा, आणि उस्तादांचा उजवा गुडघा झिजून गेला होता. काही दिवस त्यांनी चाकाच्या स्टुलावर बसून खुर्चीभोवती घिरट्या घातल्या. मग एकदा कल्ले सारखे करायला म्हणून ते उभे राहिले, तेवढ्यात गुडघ्याने दगा दिला. वस्तरा तेव्हा गिऱ्हाइकाच्या कानापाशी होता. गिऱ्हाइकाला काही झालं नाही, पण उस्तादांचं धाबं दणाणलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या गालाला वस्तरा लावला नाही. गुडघा बदलायचा आणि पुन्हा खुर्चीमागे उभं राहायचं, नाहीतर दुकानाला कुलूप, इतकी ही सरळ गोष्ट होती.

तपासणीला आले तेव्हा सिस्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. दिलेल्या साबणाने अंघोळ करायची, तेल-पावडर लावायची नाही, आणि घरी पायाचे केस काढायचे नाहीत. उस्तादांनी मान डोलावली. मनात मात्र म्हणाले असणार, हे नियम बाकीच्यांसाठी.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते पलंगावर येऊन बसले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पिशवी सांभाळत शेजारी उभ्या. सिस्टरांनी चादर बाजूला केली, तसा उस्तादांनी पाय असा पुढे केला, जणू नव्या दुकानाचं उद्घाटनच चाललंय. पाय कसला, सोललेलं अंडं! मांडीपासून घोट्यापर्यंत एक केस औषधाला सापडायचा नाही.

"बघा सिस्टर," उस्ताद म्हणाले, "तुमचं काम हलकं करून आणलंय."

काकूंनीही कौतुकाने सांगितलं की काल संध्याकाळी दुकानातल्या खुर्चीत बसून स्वतःच्या हातांनी केलंय, ठेवणीतला वस्तरा काढला होता, वरून तुरटी फिरवली, आणि टॉवेल धरायला त्या स्वतः होत्या. दोघंही शाबासकीची वाट बघत होते.

सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दिवा खाली ओढला. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लाल लाल बारीक पुरळ उठलं होतं. मागच्या बाजूला, जिथे न वाकणाऱ्या पायामुळे उस्तादांची नजर पोचली नव्हती, तिथे एक-दोन ओरखडे होते. त्यांवर तुरटी पांढरी वाळली होती. सिस्टर बाहेर गेल्या आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. मग त्या स्टूल ओढून उस्तादांच्या समोर बसल्या. डॉक्टर उभ्या उभ्या बोलले तर समजावं की सगळं ठीक आहे. स्टूल ओढलं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

त्यांनी शांतपणे समजावलं. आपण आत धातूचा आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतोय. कातडीवरचे जंतू त्याच्यापर्यंत पोचले आणि चिकटले, तर औषधंही त्यांना धड हुसकावू शकत नाहीत. मग पुन्हा पाय उघडायचा, कधी कधी बसवलेला सांधा काढायचा. पुरळ आणि ओरखडे बरे झाल्याशिवाय या पायाला चीर देणं म्हणजे चोराला दार उघडून देणं.

उस्तादांचा चेहरा पडला, पण तोंड बंद पडलं नाही. एवढी वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवला, कुणाला फोड आला नाही, असं ते म्हणाले. तो औषधाचा रंग लावता ना, तो दोन हात जास्त मारा, असाही तोडगा त्यांनी सुचवला.

"उस्ताद, माझे वडील तुमच्याशिवाय कुणाला गालाला हात लावू देत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण दाढी झाली की वडील घरी जाऊन पेपर वाचतात. त्यांच्या गालात मी सांधा नाही बसवत."

"म्हणजे आज नाही?"

"आज नाही. पाय बरा होऊ दे."

रागाला कुठेतरी जागा लागते. उस्तादांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. हे काय करतं, असं त्यांनी विचारलं. सिस्टरांनी सांगितलं की हे वरवर कापतं, बारीक खुंट ठेवतं. खुंट हा शब्द ऐकून उस्ताद असे दचकले, जणू कुणी त्यांच्या घराण्याला नाव ठेवलं. "खुंट ठेवतं? हे डबडं? आमच्याकडे असं काम केलं असतं तर गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं नसतं."

शस्त्रक्रियेसाठी असा शिक्का असलेल्या मला डबडं म्हणाले! माझा चार्जिंगचा हिरवा दिवा लाल व्हायचाच काय तो बाकी होता. पण राग फार टिकला नाही, कारण पुढे बाहेर जे झालं ते मी ऐकलं.

बाकावर बसल्या बसल्या काकूंनी नवऱ्याची बिनपाण्याने केली. बिनपाण्याने करणं हा खरं तर माझा प्रांत, पण काकूंच्या कामात खुंटही राहिले नाहीत. सिस्टरांनी बजावलं होतं ते कानांत गेलं नाही का, सगळ्या जगाचं शहाणपण तुमच्याच वस्तऱ्यात आहे का, आणि मीही वेडी, टॉवेल धरून उभी राहिले. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. "अहो, उभं राहायचंय ना तुम्हाला?" एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

उस्ताद काठी टेकत उठले. काठीचा आवाज हळूहळू लांब गेला. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाने हयगय केली नव्हती. आयुष्यभर जे सर्वांत चांगलं येत होतं, तेच करून आणलं होतं.

काही आठवड्यांनी ते परत आले. चादर बाजूला झाली तेव्हा पायावर जंगल माजलेलं होतं. उस्तादांनी त्याच्याकडे बघायचंच टाळलं. सिस्टरांनी दिवा ओढून कातडी बारकाईने पाहिली. पुरळ नव्हतं, ओरखड्यांचा मागमूस नव्हता. त्यांनी मान हलवली आणि मला उचललं.

"जरा बघू," उस्तादांनी हात पुढे केला. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं, म्हणून सिस्टरांनी मला त्यांच्या हातात दिलं. खरं सांगतो, इतक्या हातांतून गेलो, पण तसा हात मला कधी लागला नव्हता. त्यांनी मला तोललं, उलटं केलं, चालू करून कानाशी नेलं आणि माझी गुणगुण ऐकली. डोकं कुठे आहे, असं विचारलं. सिस्टरांनी त्यांच्यासमोर पाकीट फोडून ते दाखवलं आणि प्रत्येकाला नवं असतं असं सांगितलं. उस्तादांनी भुवया उंचावल्या. कारागिराला कारागिराची पारख असते. त्यांनी मला परत केलं ते दोन्ही हातांनी.

मग मी कामाला लागलो. गुडघ्याच्या वर, खाली, कडेने. सिस्टरांनी कातडी हलकेच ताणून धरली होती आणि मी जपून चाललो होतो. जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवणारा माणूस पहिल्यांदा गिऱ्हाईक झाला होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. उस्तादांची बोटं आपोआप पायाकडे यायची, मागे जायची. शेवटी त्यांनी पलंगाची दांडी घट्ट धरली. कापलेले केस सिस्टरांनी चिकटपट्टीने टिपून घेतले, ते मात्र त्यांना एकदम पसंत पडलं.

काम झालं. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"सिस्टर, खुंट राहिलेत."

"राहू देत, काका."

उस्तादांनी त्या खुंटांवर स्वतःच चादर ओढली. "राहू देत," ते म्हणाले. त्या दोन शब्दांना त्यांना जितके कष्ट पडले तितके ऑपरेशन करताना डॉक्टरीणबाईंना पडले नसतील.

आत काय झालं ते त्यांनी स्वतःच नंतर सिस्टरांना रंगवून सांगितलं. कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे त्यांना खालचं काही कळत नव्हतं, पण डोकं जागं होतं. पायाला वरपासून खालपर्यंत औषधाचा रंग लावला, आणि मग सगळे नुसते थांबले. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून, हात छातीशी धरून उभ्या. कुणी हलेना. उस्तादांना वाटलं, काहीतरी हरवलंय. विचारलं तर म्हणाल्या, रंग वाळायची वाट बघतोय, तो वाळतानाच आपलं काम करतो. त्यावर उस्तादांनी सल्ला दिला, "मॅडम, पंखा लावा की." पंख्याने धूळ उडेल, असं सांगून त्यांना गप्प केलं. सलूनमध्ये गिऱ्हाइकांची रांग लागली की मी असा कधी थांबलो नसतो, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले.

ऑपरेशन पार पडलं, तरी माझा जीव टांगणीला होता. जखम चिघळायची तर ती त्या दिवशी सांगून चिघळत नाही, मागाहून उगवते. घरी गेल्यावर मधेच एका सकाळी काकू धावत-पळत आल्या. गुडघा गरम लागतोय, सुजलाय, आता काय करायचं! उस्ताद काठी टेकत मागून आले, चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी ड्रेसिंगच्या खोलीत पट्टी सोडली. चिकटपट्टी निघाल्याचा चर्र आवाज आला. मी पूर्ण चार्ज झालेलो असूनही मला घेरी आल्यासारखं झालं. मग त्यांचं बोलणं ऐकू आलं. चीर कोरडी आहे, कडा जुळल्यात, पू नाही, ताप नाही. एवढ्या मोठ्या कामानंतर गुडघा काही दिवस गरम लागायचाच, पण तुम्ही दाखवायला आलात हे बरं केलंत, पुढेही असंच या. काकूंनी बाकावर बसून पाणी मागितलं.

आता थोडं माझं. माझी बॅटरी थकलीय. पूर्वी दिवसभर पुरायची, आता दोन-तीन पेशंट झाले की माझी गुणगुण घरघरीवर येते. नवं मशीन आलंय. ते तरुण आहे आणि मला 'आजोबा' म्हणतं. मला अजून काढून टाकलेलं नाही, अडीअडचणीला असावं म्हणून खालच्या कप्प्यात जागा केलीय. लवकरच मी तिकडे राहायला जाईन. मला कुरकुर करायची नाही. जाता जाता एकच मागणं आहे. ऑपरेशनला येणार असाल तर जसे आहात तसे या. सांगितलेल्या साबणाने अंघोळ करा, पण अंगावर वस्तरा चालवून येऊ नका. केस काढायचे की नाही ते इथे बघू. पण माझं ऐकू नका, मी पडलो यंत्र, शिवाय वस्तऱ्याचा भाऊबंद, म्हणाल भावकीचं भांडण आहे. उस्ताद काय म्हणाले ते ऐका.

परवाच ते गुडघा दाखवायला आले होते. बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते, त्यांचं दुखणं हर्नियाचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मास्तर उस्तादांचे जुने गिऱ्हाईक. उस्तादांना पाहून त्यांना देवच भेटला. त्यांनी तिथेच काम ठरवून टाकलं. संध्याकाळी घरी ये, पोट स्वच्छ करून दे, डॉक्टरांपुढे असं केसाळ जाणं बरं दिसत नाही, तुझ्याइतका हलका हात कुणाचा आहे?

उस्ताद त्यांच्यासमोर उभे राहिले आणि नाही म्हणाले.

मास्तरांना वाटलं, भाव खातोय. त्यांनी आर्जवं केली, मग रागावले, जुन्या ओळखीची आठवण दिली. उस्ताद एकेका गोष्टीला उत्तर देत गेले. न दिसणाऱ्या ओरखड्यांपासून आत बसणाऱ्या जंतूंपर्यंत त्यांनी सगळं समजावलं, आपला पाय वर करून दाखवला, पहिल्या खेपेला आपण कसे हात हलवत परत गेलो तेही सांगितलं, आणि तिथे काकूंनी मधेच तोंड घालून आणखी मीठमसाला लावला. मास्तर तरी हटेनात. शिकवायची सवय असलेल्या माणसाला शिकवणं सोपं नसतं.

"मास्तर, दाढी मी तुमची मरेपर्यंत करीन," उस्ताद शेवटी म्हणाले. "पण हे काम माझं नाही. हात कितीही हलका असला तरी वस्तरा तो वस्तराच. त्या दारात एक मशीन आहे, त्याला करू द्या. खुंट ठेवतं ते. ठेवू द्या."

माझ्याबद्दल एका कारागिराने असं बोलावं! मला अगदी भरून आलं. मास्तरांनी हिरमुसून पोटावरचा सदरा सारखा केला. काकूंनी पिशवी उचलली आणि बाकावर जरा सरकून उस्तादांना म्हणाल्या, "किती वेळ झाला बोलताय. बसा आता."

उस्तादांनी बाकाकडे पाहिलं. मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं. काठी कुठेच नव्हती, ती ते घरी विसरून आले होते.

"अगं," ते म्हणाले, "मी उभाच होतो की."